डावीकडचा पाखऱ्या

मानवतच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजारामागं, कापसाचं एक जुनं गोदाम आहे. त्यात आता कापूस नसतो. आत दोन जाड रुळांमधून पोलादी पाट सरकवणारं एक यंत्र आहे, त्याला बैलगाडीच्या चाकाएवढं चाक आहे, आणि गेली नऊ वर्षं ते चाक बन्सीधर फिरवतो. वय चौसष्ट. गावात विचारलं तर लोक सांगतात, ‘बन्सीमामा मोंढ्यात चित्राच्या कारखान्यात हाय.’ कारखाना म्हणायला तिथं माणसं दोनच. एक बन्सीधर आणि दुसरा चित्रकार धम्मपाल.

धम्मपाल मूळचा पालमचा. बडोद्याला जाऊन छापचित्रं शिकला, पंधरा वर्षं तिकडंच रमला, आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा हे यंत्र ट्रकात घालून परत आला. ते उतरवायला मोंढ्यातले हमाल बोलावले, त्यांत बन्सीधर होता. बाकीचे यंत्र उतरवून, चहा पिऊन आपल्या वाटेनं गेले. हा मागं राहिला. चाकाला हात लावून त्यानं सावकाश एक फेरा दिला, झटका नाही की अडखळणं नाही. धम्मपाल बघत राहिला. छापताना चाक मधेच थबकलं तर चित्रावर आडवा पट्टा उमटतो, आणि एका लयीत चाक फिरवणारा माणूस त्याला बडोद्यातही सहजी मिळाला नव्हता. बन्सीधरला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यानं तीस वर्षं बैलगाडी हाकली होती. बैलाच्या चालीनं चालायचं, एवढंच त्याला येत होतं.

काम सांगायला सोपं आहे. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर धम्मपाल सुईनं चित्र काढतो आणि पत्रा ॲसिडात बुडवतो. जिथं सुई फिरली तिथं ॲसिड पत्रा खातं आणि बारीक चऱ्या पडतात. त्यापुढचं बन्सीधरचं. पत्र्याला शाई फासायची, चऱ्यांत दाबून भरायची, वरची शाई कडक जाळीच्या कापडानं पुसायची, आणि शेवटी तळव्याला खडूची भुकटी चोळून हातानं पुसायची, पत्रा लख्ख होईपर्यंत. शाई उरते ती फक्त चऱ्यांत. मग वर ओला कागद, कागदावर लोकरीचा जाड नमदा, आणि चाक. दाबाखाली कागद चऱ्यांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. एका चित्राला अर्धा तास जातो. दिवसाकाठी दहा-बारा झाली की बन्सीधरचा उजवा खांदा बोलायला लागतो, आणि अलीकडं तो सकाळी उठल्याबरोबरच बोलत होता.

कागदाला मात्र बन्सीधर शिवत नाही. शाईच्या हातानं कागद धरायचा नाही, हा त्या धंद्याचा नियम. कागद ठेवायचा धम्मपालनं, उचलायचाही त्यानं, आणि लगेच टीपकागदांच्या थप्पीत वजनाखाली घालायचा तोही त्यानंच. तोवर बन्सीधर पुढच्या वेळेसाठी पत्र्याला शाई फासत असतो. नऊ वर्षांत त्यानं हजारो चित्रं छापली आणि छापता छापता त्यातलं एकही धड पाहिलं नाही. त्याच्या ओळखीचे असतात ते पत्रे. पत्र्यावर सगळं उलटं असतं. पत्र्यावर जे डावीकडं ते कागदावर उजवीकडं येतं. ही गोम त्याला पहिल्याच महिन्यात कळली होती आणि आपल्याला ती कळते याचा त्याला जरा अभिमानही होता. त्या अभिमानानंच घात केला.

यंदाचं काम होतं पुस्तकाचं. परभणीचे रामप्रसाद गुरुजी, वय वर्षं एक्याऐंशी. बन्सीधरच्याच गावच्या शाळेवर ते ऐन उमेदीत मास्तर होते आणि बन्सीधरला त्यांनी चौथीपर्यंत शिकवलं होतं. आयुष्यभर गोष्टी लिहिल्या, चार लोकांनी वाचल्या, दोघांनी नावं ठेवली. मागच्या वर्षी ते गोदामात येऊन बसायचे. बन्सीधर पत्रा पुसता पुसता बोलायचा, गुरुजी ऐकायचे. बोलणं फिरून फिरून यायचं ते त्याच्या बैलांवर. त्यातून गुरुजींनी एक लांबलचक गोष्ट लिहिली आणि वाचून धम्मपाल म्हणाला की हिचं पुस्तक आपण करू. जाड सुती कागद, शिशाचे खिळे जुळवून छापलेला मजकूर, पाच कोरीव चित्रं. प्रती फक्त चाळीस. प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीनं आकडा आणि धम्मपालची सही, आणि शेवटच्या पानावर गुरुजींची सही, त्यांच्या स्वतःच्या हातची.

“चाळीसच कामून?” बन्सीधरनं विचारलं होतं. “एकेचाळीसावी काढली तर काय बिघडंल?”

“शब्द दिलेला असतो, मामा. घेणाऱ्याला सांगितलेलं असतं की चाळीसच आहेत.”

तो शब्द पाळला जावा म्हणून त्या धंद्यात एक रीत आहे. ठरलेली चित्रं निघाली की पत्र्यावर टोकदार सळईनं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारायची. मग तो पत्रा बाद. फुली मारायचं काम बन्सीधरकडं असे. धम्मपालला आपल्या हातानं ते करवत नसे, आणि बन्सीधरला त्याचं काही वाटत नसे.

आता गोष्ट काय होती ते सांगायला हवं.

बन्सीधरची जोडी होती हौशा आणि पाखऱ्या. दोघंही तांबडे, पण पाखऱ्याच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पंखा होता, म्हणून पाखऱ्या. हौशा जुवाला उजवीकडं, पाखऱ्या डावीकडं. ज्यानं बैल पाळले त्याला हे सांगायला नको. बैलाची बाजू एकदा ठरली की ठरली. पाणी प्यायला सोडले तरी पाखऱ्या हौशाच्या डाव्या अंगानंच चालायचा. दहा वर्षं अशी गेली आणि एका पेरणीच्या तोंडावर हौशा विहिरीच्या पाण्यावरची कोवळी ज्वारी खाऊन फुगला आणि तासाभरात गेला. बन्सीधरनं घाईघाईत दुसरा बैल आणला. आणलेलाही डावाच निघाला.

दोघांपैकी एकाला बाजू बदलणं भाग होतं. नवा बैल तरणा, बुजरा. पाखऱ्या जाणता, तो शिकेल, असा हिशेब बन्सीधरनं केला. पाखऱ्या शिकला नाही. उजवीकडं जुंपला की चार पावलं चालायचा, मान वळवून डावीकडं बघायचा आणि तासात, पेरणीच्या चरीतच, बसायचा. उठवला की पुन्हा चार पावलं आणि पुन्हा बसायचा.

गुरुजींच्या गोष्टीत गाडीवान तीन दिवस प्रयत्न करतो. चौथ्या दिवशी त्याला उमगतं, की या जनावराच्या उजव्या अंगाला जी रिकामी जागा आहे ती हौशाची आहे, आणि तिथं त्याला स्वतःलाच उभं करणं हा अन्याय आहे. तो आपल्या हातानं जू उतरवतो आणि पाखऱ्याला मरेपर्यंत दावणीला बसून खायला घालतो. वाचताना धम्मपालचे डोळे भरून आले होते.

बन्सीधरनं गुरुजींना तसंच सांगितलं होतं. ते खोटं होतं.

खरं असं, की त्यानं पाखऱ्याला बावीस दिवस मारलं. पाऊस होऊन गेलेला, शेजारच्यांची पेरणी उरकलेली, आणि हा बैल तासात बसतो म्हणून त्याचं डोकं फिरलं. कातडी वादीच्या चाबकानं मारलं, वादी तुटली तेव्हा दोरानं मारलं. संध्याकाळी त्याची बायको चतुराबाई हळद आणि गोडं तेल घेऊन गोठ्यात जायची आणि पाखऱ्याच्या पाठीवरचे वळ भरायची. नवऱ्याशी ती त्या बावीस दिवसांत एक शब्द बोलली नाही. तेविसाव्या दिवशी बन्सीधरनं पाखऱ्याला बाजारात नेऊन विकला. कोणी घेतला, कुठं नेला, त्यानं विचारलं नाही. पुढं दोन वर्षांत नवा बैलही गेला आणि गाडीही गेली, आणि तो मोंढ्यात हमालीला लागला. गुरुजी ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारत होते तेव्हा त्याच्या तोंडून खरं निघालं नाही. इतका चांगला ऐकणारा माणूस समोर असला की आपणही जरा चांगलं असावं असं वाटतं. त्याला तसं वाटलं.

पाचांपैकी चौथं चित्र त्या जोडीचं. गाडीच्या बैठकीवरून दिसावी तशी, पाठमोरी. फाल्गुनात धम्मपाल त्याचा पत्रा करायला बसला तेव्हा त्यानं मान वर न करता विचारलं, “मामा, पाखऱ्या कोणत्या बाजूला?”

बन्सीधरनं विचार केला. सर पत्र्यावर काढायलेत. पत्र्यावरचं कागदावर उलटं येणार. म्हणजे पाखऱ्या कागदावर डावीकडं यायचा तर पत्र्यावर उजवीकडं पाहिजे. तो शहाणपणानं म्हणाला, “उजवीकडं.”

धम्मपालनंही विचार केला. मामा म्हणतात पाखऱ्या उजवा. तो कागदावर उजवीकडं यायचा तर मी पत्र्यावर डावीकडं काढला पाहिजे. त्यानं डावीकडं काढला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा असं म्हणतात. इथं तर शहाणे दोन होते.

पहिला नमुना निघाला तेव्हा बन्सीधर चतुराबाईचे डोळे दाखवायला परभणीला गेला होता. त्यानंतर चैत्राच्या तापात छपाई सुरू झाली. भिजवलेले कागद बघता बघता सुकायचे, म्हणून ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे आणि भराभर उरकायचं. बन्सीधर शाई भरत होता, तळवा घासत होता, आणि शाईतून दर वेळी पाखऱ्या वर येत होता, डावीकडं, आपल्या जागेवर. बघून त्याला बरं वाटायचं. त्याच वेळी कळायला हवं होतं की पत्र्यावर डावीकडं म्हणजे कागदावर उजवीकडं. पण खांदा दुखत होता, उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, आणि डोळ्यांना बरं वाटतंय म्हटल्यावर डोक्यानं काही विचारलं नाही.

चाळीस झाली. वजनाखाली वाळली. एका शुक्रवारी दुपारी धम्मपाल थप्पीतून एकेक चित्र बाहेर काढून खाली पेन्सिलीनं आकडा घालू लागला. बन्सीधर रॉकेलनं आणि कपडे धुण्याच्या भुकटीनं हात धुऊन चहाला आला आणि त्याच्या खांद्यावरून त्यानं पाहिलं.

पाखऱ्या उजवीकडं होता. निमूट. मान खाली, जुवाखाली, चार पायांवर उभा. धम्मपालनं ते चित्र बाजूला ठेवून दुसरं घेतलं. त्यातही तो उजवीकडं होता. तिसऱ्यातही. बन्सीधरनं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

“काय झालं, मामा?”

“काय न्हाई. गरम हाय.”

शुक्रवार गेला, शनिवार गेला. सांगायचं तर पुन्हा पत्रा, पुन्हा ॲसिड, पुन्हा चाळीस. म्हणजे वीस तास शाई आणि चाक, आणि उजव्या हातानं आता पाण्याची बादली उचलतानाही तोंड वाकडं व्हायचं. न सांगावं तर कोणाला कळणार होतं? पुस्तकं घेणारी माणसं पुण्या-मुंबईची. त्यांना बैलाचं तोंड कोणतं आणि शेपूट कोणती एवढं कळलं तरी खूप. झाकली मूठ सव्वा लाखाची. बन्सीधरनं स्वतःला हे शंभरदा बजावलं. तरी शनिवारी कोपऱ्यातला केरही त्याच्यानं धड निघाला नाही. त्याला सारखं एकच वाटत होतं. बावीस दिवस चाबूक ओढून जे आपल्याला जमलं नाही ते आता जमलं होतं. पाखऱ्याला उजवीकडं उभा केला होता, आणि तोही चाळीस वेळा. आपल्याच हातानं.

रविवारी सकाळी गुरुजी आले. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट असली तरी तिच्या पायऱ्या चढताना दम लागायचा तो लागतोच. आल्यावर ते बराच वेळ नुसते बसून राहिले. मग धम्मपालनं शेवटच्या पानांची चळत पुढं ठेवली आणि ते सह्या करायला लागले. पाच सह्या झाल्या की ते पेन ठेवायचे आणि उजवा हात डाव्या हातात घेऊन बसायचे, दुसऱ्याचं लेकरू मांडीवर घेतल्यासारखा. पंधरा झाल्या तेव्हा धम्मपाल म्हणाला, “जरा थांबा गुरुजी. चित्रं बघा तोवर.”

गुरुजींनी चित्रं पाहिली. चौथं चित्र त्यांनी दाराच्या उजेडाकडं धरलं.

“काय चाल धरली आहेस रे बैलांची,” ते धम्मपालला म्हणाले. “बन्सीधर, इकडं ये. हा बघ तुझा पाखऱ्या.” आणि त्यांनी बोट ठेवलं ते उजवीकडच्या बैलावर. पाखऱ्याच्या डाव्या बाजूवर ज्यांनी तीस पानं लिहिली होती त्यांच्याही ते लक्षात आलं नाही.

कोणाच्याच लक्षात येणार नव्हतं, याची आता खात्रीच झाली. आणि नेमकं तेव्हाच बन्सीधरला राहवलं नाही.

“गुरुजी,” तो म्हणाला, “त्यो चुकीच्या अंगाला हाय.”

धम्मपालनं चित्र हातात घेतलं. पाहिलं. मग बन्सीधरकडं पाहिलं. “मामा, तुम्हीच तर उजवीकडं म्हणालात.”

“म्हणलो. पत्र्यावरचं म्हणलो मी. मला वाटलं तुमी पत्र्यावरचं इचारायलाव.”

धम्मपालला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं. “चाळीस, मामा,” तो म्हणाला. “चाळीसच्या चाळीस. आकडे घातलेत मी. सह्या केल्यात.”

“माझी चूक हाय, सर.”

“दोघांची आहे.” धम्मपालनं डोळे चोळले. “गुरुजी, खरं सांगा. चालेल का हे असं?”

गुरुजी थकले होते. ते म्हणाले, “कोण बघणार आहे, बन्सीधर? राहू दे. तुझा पाखऱ्या कुठं हे बघायला येणार आहे?”

“त्यो न्हाई येणार,” बन्सीधर म्हणाला. “पण मी त्याला लय मारलंय, गुरुजी.”

आणि मग त्यानं सांगितलं. उभ्यानंच, चाकाला पाठ लावून. बावीस दिवस, चाबूक, वादी तुटली ते, दोर, चतुराबाईची हळद, आणि बाजार. आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. तो इतका दमलेला होता की खोटं पुढं चालवायचंही त्याच्यात बळ उरलं नव्हतं. “दावणीला ठिवला म्हणून तुमाला सांगितलं ते खोटं हाय,” तो शेवटी म्हणाला. “उजवीकडं जाईना म्हणून त्यानं तेवढा मार खाल्ला. आन् आता आमी त्याला हितं उजवीकडंच उभा करायलोय.”

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. “हे तू मला तेव्हा का सांगितलं नाहीस?”

“लाज वाटली.”

“गोष्ट छापून झाली रे.”

“हां.”

“ती आता मला बदलता येणार नाही. अंगात तेवढा जीव नाही राहिला.” त्यांनी सह्यांची चळत सारखी केली. “मला ते तीन दिवस लिहिताना अवघड गेलं होतं. वाटत होतं, पेरणी डोक्यावर असताना माणूस तीनच दिवसांत एवढा शहाणा कसा होईल? पण तू सांगितलंस म्हणून लिहिलं.” त्यात राग नव्हता. मग त्यांनी टोपण काढलं आणि सोळावी सही केली.

धम्मपाल उठून कोपऱ्यातल्या पेटीकडं गेला. तिच्यात त्यानं स्वतःच्या चित्रांसाठी जपून ठेवलेला कागद होता. तो मोजून आला. “पुरेल,” एवढंच म्हणाला.

“सर,” बन्सीधर म्हणाला, “नव्या पत्र्यावर त्याच्या पाठीवर वळ काढा.”

“गोष्टीत नाहीत ते.”

“न्हाईत. म्हणूनच काढा.”

धम्मपालनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी सही करत होते, मान वर न करता म्हणाले, “काढ.”

चुकीची चाळीस चित्रं धम्मपालनं त्याच आठवड्यात फाडून टाकली. राहिला जुना पत्रा. सवयीनं त्यानं सळई बन्सीधरच्या हातात दिली. बन्सीधर पत्र्यासमोर उभा राहिला, सळई कोपऱ्यावर टेकवली. फुली मारायची तर रेघ सरळ पाखऱ्याच्या पाठीवरून जाणार होती. त्यानं सळई उचलली आणि परत दिली.

“माझ्यानं न्हाई व्हायचं. मागं त्याच्या पाठीवर ओढल्या तेवढ्या बस झाल्या.”

तेवढी एक फुली धम्मपालनं मारली, तोंड फिरवून.

नवा पत्रा व्हायला आठ दिवस लागले. या वेळी धम्मपालनं काही विचारलं नाही. बन्सीधरला हात धरून जमिनीवर खडूनं गाडी काढायला लावली आणि बैठकीच्या जागी उभं करून म्हणाला, “आता बोट दाखवा.” बन्सीधरनं डाव्या हाताकडं बोट दाखवलं.

मग पुन्हा शाई, पुन्हा तळवा, पुन्हा चाक. वैशाख तर चैत्रापेक्षा वाईट. दिवसाला पाचच्या वर चित्रं निघेनात. खांद्याला चतुराबाई सकाळी तेल लावायची, दुपारपर्यंत तेल कुठं आणि खांदा कुठं. पण खरा त्रास खांद्याचा नव्हता. पाखऱ्याच्या पाठीवर धम्मपालनं सात-आठ चऱ्या पाडल्या होत्या, तिरप्या, बाकीच्या रेघांपेक्षा खोल. त्यांत शाई बोटानं दाबून भरावी लागे. मग तळवा फिरवायचा, हलका, की पाठ तर स्वच्छ व्हावी आणि चरीतली शाई निघू नये. जोरानं पुसलं तर वळ फिके येत. म्हणून दर वेळी त्या पाठीवरून हात सावकाश फिरवावा लागे, गोंजारल्यासारखा. त्या बावीस दिवसांत जे करायला हवं होतं ते आता शाई लावून करायचं. चाळीस वेळा केलं. चाळिसावं झाल्यावर बन्सीधर चाकापाशीच खाली बसला आणि अर्धा तास उठला नाही.

पुस्तकं बांधून तयार व्हायला श्रावण उजाडला. एकोणचाळीस प्रती खोक्यांत भरून गेल्या, एक गुरुजींनी घेतली. या धंद्यात छापणाऱ्याला आकड्याबाहेरची एक प्रत द्यायची रीत असते. तिच्यासाठी धम्मपालनं सगळ्या चित्रांचा पहिला नमुना आधीच बाजूला काढून ठेवला होता. तिच्यावर आकड्याऐवजी पेन्सिलीनं ‘छापणाऱ्याची प्रत’ असं लिहून आणि चित्रांखाली सही करून ती त्यानं बन्सीधरला दिली. चाळिसाच्या वर एक निघाल्याचं बन्सीधरच्या ध्यानात आलं.

ती त्यानं टॉवेलात गुंडाळून घरी आणली. चतुराबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. तिला वाचता येत नाही. “शेवट वाचून दाखवा,” ती म्हणाली. बन्सीधरनं बोट ठेवत ठेवत वाचलं, गाडीवान जू उतरवतो तिथपासून पाखऱ्या दावणीला म्हातारा होतो तिथपर्यंत.

वाचून झाल्यावर म्हणाली, “चांगला माणूस हाय ह्यो.”

“हां. चांगला हाय.”

“कोण हाय?”

“गोष्टीतला हाय.”

मग त्यानं पानं मागं उलटून चौथं चित्र काढलं. चतुराबाईनं पदराला हात पुसले आणि पुस्तक उजेडाकडं ओढलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीकही दिसतं. “डावीकडंच हाय,” ती म्हणाली. मग तिचं बोट पाखऱ्याच्या पाठीवर गेलं आणि तिथंच थांबलं. छापलेल्या रेघा कागदावर किंचित वर आलेल्या असतात, बोटाला लागतात. तिनं त्या एकेक करून चाचपल्या, बावीस संध्याकाळी चाचपल्या होत्या तशा.

“ह्ये कोणी काढाय लावले?”

“मी.”

ती खाली बघत होती. चित्राखालच्या पेन्सिलीच्या अक्षरांवर तिनं बोट ठेवलं. “आन् ही सही कोणाची?”

“सरांची. गुरुजींची मागच्या पानावर हाय.”

“तुमची कुठं हाय?”

बन्सीधरनं तिचं बोट धरलं आणि परत पाखऱ्याच्या पाठीवर नेऊन ठेवलं.

चतुराबाईनं बराच वेळ बोट उचललं नाही. मग पुस्तक टॉवेलात गुंडाळून ती आत गेली, आणि येताना तेलाची वाटी घेऊन आली. “सदरा काढा,” ती म्हणाली, “खांदा बघू.”